५२ आठवडे, एक लेन्स आणि फसलेल्या फोटोंची वही

आमच्या सहा जणांच्या गटाने वर्षभराचे छायाचित्रण-आव्हान घ्यायचे ठरवले, तेव्हा माझ्याजवळ एक कॅमेरा, दोन लेन्स, एक हलका ट्रायपॉड, कधीही न वापरलेले तीन फिल्टर आणि आपले फोटो धूसर येतात ते साधनांच्या दोषामुळेच अशी पक्की समजूत, एवढा ऐवज होता. नियम साधे होते. दर रविवारी रात्री चिठ्ठी काढून पुढच्या आठवड्याचा विषय ठरायचा. फोटो त्याच आठवड्यात काढलेला असायला हवा. प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा. आणि संगणकावर कडा कातरणे व उजेड-रंगाची किरकोळ दुरुस्ती यापलीकडे काहीही करायचे नाही. मी स्वतःवर आणखी दोन बंधने घालून घेतली. वर्षभर ५० मिलिमीटरची एफ/१.८ ही एकच लेन्स वापरायची, आणि जो फोटो फसेल त्याच्या फसण्याचे कारण त्याच दिवशी वहीत लिहायचे. पहिले बंधन मला फार मोलाचे वाटत होते आणि दुसरे मी केवळ शिस्त म्हणून घेतले होते. वर्षभरात त्यांची किंमत नेमकी उलटी ठरली.

ती लेन्स का निवडली, हे सांगायला हवे. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ यांची नोंद फाइलमध्येच ठेवत असतो, म्हणजे अनुक्रमे शटर किती सेकंद उघडे राहिले, लेन्सचे छिद्र किती मोठे होते (एफपुढचा आकडा लहान तेवढे ते मोठे), प्रकाश टिपणारा सेन्सर किती संवेदनशील ठेवला होता आणि लेन्स किती मिलिमीटरवर होती (आकडा मोठा तेवढे दृश्य अरुंद आणि जवळचे). मागच्या दोन वर्षांचे फोटो मी त्या नोंदींनुसार लावून पाहिले, तेव्हा १८-५५च्या झूम लेन्सने काढलेले बहुतेक फोटो एक तर १८वर होते किंवा ५५वर, आणि मधल्या पट्ट्यात अगदी तुरळक. म्हणजे सगळे मावावे म्हणून एक टोक आणि जवळ जायचा संकोच म्हणून दुसरे, असा माझा झूमचा वापर होता. चौकट ठरवण्याचे काम मी लेन्सवर सोपवले होते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या पूर्ण आकाराहून लहान आहे, त्यामुळे त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवरच्या साधारण ७५ मिलिमीटरएवढेच दृश्य दाखवते. खोलीत उभे राहून खोलीचा फोटो काढायला ती निरुपयोगी, पण एखाद्या वस्तूपाशी किंवा चेहऱ्यापाशी जायला भाग पाडणारी. मला नेमके तेच हवे होते.

पहिल्या आठवड्याचा विषय निघाला ‘खिडकी’. मी सकाळी पडद्याआडून येणाऱ्या उजेडाचा फोटो काढला, वाऱ्याने पडदा फुगला होता, खुश होऊन तो मोठा करून पाहिला, तर चौकटीच्या कडा दुहेरी दिसत होत्या. वहीतली पहिली नोंद अशी आहे: ‘लेन्स सदोष असावी.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातही शब्दांच्या थोड्या फरकाने हीच नोंद आहे. चौथ्या आठवड्यात मी लेन्स विकून टाकायचे बोलू लागले, तेव्हा गटातले सर्वांत वडीलधारे सदस्य, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि ज्यांनी फिल्मच्या काळापासून कॅमेरा हातात धरला आहे, ते म्हणाले, “अगं, विकण्याआधी तिची परीक्षा तरी घे. ती नापास झाली तर खुशाल वीक.”

परीक्षा त्यांनीच सांगितली. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सुरकुती न ठेवता चिकटवायचे, कॅमेरा त्याला समांतर राहील असा ट्रायपॉडवर लावायचा, बटण दाबताना बसणारा हलकासा धक्काही फोटोत उतरू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर ठेवायचा, आणि एफ/१.८ पासून एफ/१६पर्यंत प्रत्येक पायरीवर एकेक फोटो घ्यायचा. त्यानंतर तोच प्रकार कॅमेरा हातात धरून, अ‍ॅपर्चर तेच ठेवून, शटरचा वेग १/३०, १/६०, १/१२५, १/२५० असा बदलत करायचा. मी एक संपूर्ण दुपार यात घालवली. एफ/१.८वर पानाच्या कोपऱ्यांतली अक्षरे मऊ होती, पण मधली स्वच्छ वाचता येत होती. एफ/४ आणि एफ/५.६वर कोपरेही खणखणीत झाले. आणि एफ/१६वर सगळेच पान पुन्हा किंचित मऊ पडले, कारण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि प्रत्येक बिंदू जरासा पसरतो. म्हणजे लेन्स जशी असायला हवी तशीच होती. हातात धरून काढलेल्या फोटोंची अवस्था मात्र केविलवाणी होती. १/३० आणि १/६०वर एकही फोटो धड नव्हता, १/१२५वर निम्मे बरे होते.

हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा शटरवेग लेन्सच्या फोकल लेंग्थच्या व्यस्ताहून (५० मिलिमीटरला १/५० सेकंदाहून) कमी ठेवू नये, हा जुना ठोकताळा मी वाचलेला होता. पण सेन्सर लहान असेल तर तोही ७५च्या हिशेबाने धरावा लागतो, म्हणजे किमान १/८० लागतो, हे मी लक्षातच घेतले नव्हते. शिवाय ठोकताळा हा स्थिर हाताच्या माणसासाठी असतो आणि माझा हात तसा नाही. पहिल्या आठवड्यातल्या त्या खिडकीच्या फोटोची नोंद उघडून पाहिली. शटर १/४०, आयएसओ १००. आयएसओ वाढवला की फोटोत ठिपक्यांसारखे दाणे येतात, या भीतीने मी तो वर्षानुवर्षे १००वर खिळवून ठेवला होता आणि त्याची भरपाई शटर करीत होते. दाणे संगणकावर बऱ्याच अंशी कमी करता येतात, हललेला फोटो मात्र पूर्ववत होत नाही. त्या दिवशी मी आयएसओ स्वयंचलित केला, शटरचा वेग १/१६०च्या खाली उतरू नये अशी मर्यादा कॅमेऱ्यातच घालून ठेवली, आणि वहीतल्या पहिल्या तीन नोंदी खोडून तिथे ‘शटर’ एवढेच लिहिले.

यानंतर महिनाभर माझे फोटो स्वच्छ आले आणि मग ‘चेहरा’ हा विषय निघाला. एफ/१.८ची लेन्स घेतलेल्या प्रत्येक हौशी माणसाला जे होते ते मलाही झाले होते: मागचे सगळे विरघळून गेलेले आणि माणूस तेवढा उठून आलेला, हा परिणाम इतका मोहक वाटतो की अ‍ॅपर्चर दुसरीकडे नेण्याची इच्छाच होत नाही. मी माझ्या भाचीचे पन्नासेक फोटो काढले. जवळजवळ सगळ्यांत नाकाचा शेंडा किंवा कानापाशीच्या बटा रेखीव होत्या आणि डोळे धूसर. एक मीटर अंतरावर, माझ्या सेन्सरवर, एफ/१.८ला स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम तीन सेंटिमीटर असते. मधल्या फोकसबिंदूने डोळ्यावर नेम धरायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट बसवायची, ही माझी सवय; त्या वळवण्यात फोकसची पातळी एखाद-दोन सेंटिमीटर सरकते आणि तेवढ्यात डोळा पट्ट्याबाहेर जातो. उपाय दोन होते आणि दोन्ही कॅमेऱ्यात पहिल्या दिवसापासून होते: फोकसबिंदूच डोळ्यावर सरकवायचा, आणि अ‍ॅपर्चर एफ/४वर न्यायचे, म्हणजे पट्टा सहा सेंटिमीटरांच्या आसपास होतो. मागची भिंत तरीही पुरेशी विरघळते. फक्त तिच्यापासून माणसाला दूर उभे करावे लागते.

वर्षातला सर्वांत शिकवणारा आठवडा मात्र ‘पांढऱ्यावर पांढरे’ हा होता, आणि त्याबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे.

मी पांढऱ्या कापडावर पांढरा पेला ठेवला. खिडकीचा उजेड होता, ट्रायपॉड होता, आता काही चुकण्यासारखे उरले नाही अशा थाटात फोटो काढला. पेला आणि कापड दोन्ही राखाडी आले, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखे. मला वाटले, रंगाचे संतुलन चुकले. व्हाइट बॅलन्स उन्हावरून ढगाळावर नेला, तर राखाडीचा पिवळट राखाडी झाला. सावलीच्या खुणेवर नेला, तर आणखी पिवळा. तासभर मी रंगाशी झुंजत होते आणि दोष उजेडाच्या मोजमापात होता. काकांना फोन केला. ते म्हणाले, “मीटरला पांढरे-काळे कळत नाही गं, त्याला फक्त उजेड मोजता येतो. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे, असे धरूनच तो चालतो.”

हे मी पुस्तकातही वाचलेले होते, पण वाचणे वेगळे आणि विटलेला पेला समोर असताना ऐकणे वेगळे. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. समोरचे दृश्य सरासरीने सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते, या जुन्या गृहीतकावर त्याची रचना झालेली आहे. पांढरे कापड त्याच्या कितीतरी पट प्रकाश परत पाठवते. मीटरला वाटते, उजेड फार झाला. तो कमी करतो. आणि पांढऱ्याचे राखाडी होते. मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्या उजेडात आपण करायची कमी-जास्ती, आधी +१, मग +१.७, मग +२.३ असे वाढवत नेले. +१.७ला पेला पांढरा झाला. +२.३ला खिडकीकडच्या बाजूची कापडाची वीण पार नाहीशी झाली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो भाग लुकलुकू लागला. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा, आलेख उजव्या भिंतीला चिकटला होता, म्हणजे त्या जागी आता कोणतीच माहिती उरली नव्हती. मी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, ठेवली होती. माझ्या कॅमेऱ्यात ती १४ बिटांची असते, म्हणजे नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात तिथे रॉमध्ये १६,३८४ असतात, आणि म्हणून अंधाऱ्या भागातून बरेच काही वर काढता येते. पण जिथे सेन्सर काठोकाठ भरून गेला आहे तिथून रॉसुद्धा काही परत देत नाही.

एवढे होऊनही फोटो वाईटच होता. पेला पांढरा होता, कापड पांढरे होते, आणि पेला कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. ही अडचण कोणत्याही मीटरने सुटणारी नव्हती. दोन दिवस मी पेला इकडे-तिकडे सरकवला. शेवटी गटातल्या एकीने, जी स्वतःच्या हस्तकलेच्या वस्तूंचे फोटो काढते, एक युक्ती सांगितली: चौकटीच्या अगदी बाहेर, पेल्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याचे तुकडे उभे करायचे. पेल्याच्या गोलाईवर त्या काळ्याचे प्रतिबिंब एका बारीक करड्या रेषेसारखे उमटते आणि कड उमटून येते. मी जुन्या वहीचा पुठ्ठा काळा रंगवला. फोटो आला. त्या आठवड्यात मी खर्च केला तो फक्त त्या रंगाचा, आणि वर्षातला माझा सर्वांत बरा फोटो अजूनही तोच आहे. पुढे ‘काळ्यावर काळे’ निघाले तेव्हा मीटरला उलट दिशेने, −१वर ओढले आणि पांढरे पुठ्ठे उभे केले. तो विषय अर्ध्या तासात संपला.

‘छत्तीस’ हा विषय काकांच्या चिठ्ठीतला होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या रोलवर साधारणपणे ३६ फोटो मावत, तेव्हा आठवडाभरात एकूण ३६च वेळा बटण दाबायचे आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर कागद चिकटवून ठेवायचा, असा त्यांचा नियम होता. मी पहिल्या तीन दिवसांत २५ फोटो काढून बसले आणि मग घाबरून इतकी काटकसर केली की शनिवारी संध्याकाळी पावसानंतरचा उजेड रस्त्यावर पडलेला असताना, आणखी चांगले काही मिळेल म्हणून थांबले. उजेड गेला. रविवारी रात्री माझ्याकडे चार फोटो शिल्लक होते. अशा बंधनाने माणूस विचार करून बटण दाबतो असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. तो विचार करत उभाही राहतो. त्या आठवड्याची नोंद मी ‘कंजुषी’ अशी केली आहे.

साधनांचा खरा दोष वहीत दोनदा सापडला, आणि दोन्ही वेळा तो अशा वस्तूंचा होता ज्यांच्याकडे खरेदी करताना मी नीट पाहिलेही नव्हते. पहिला ट्रायपॉड. मधला दांडा पूर्ण वर काढला की वाऱ्याच्या झुळकीनेही तो थरथरतो, हे ‘रात्र’ या विषयावर आठ-आठ सेकंदांचे फोटो काढताना लक्षात आले. दांडा खाली घेतला, त्याच्या आकड्याला कॅमेऱ्याची बॅग अडकवली, पायांचे सर्वांत बारीक भाग आतच ठेवले. उंची कमी झाली, पण थरथर थांबली. वर्षातली एकमेव मोठी खरेदी मी त्यानंतर केली, ती जड ट्रायपॉडची. दुसरा दोष फिल्टरचा. ‘पाणी’ या विषयासाठी मला वाहते पाणी रेशमासारखे गुळगुळीत हवे होते आणि त्यासाठी भर दुपारी शटर काही सेकंद उघडे राहायला हवे होते. माझ्याकडचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी गडद काच, दहा स्टॉपचा होता. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे दहा स्टॉपला तो सुमारे हजारावा भाग उरतो आणि १/१२५ सेकंदाचे एक्स्पोजर आठ सेकंदांवर जाते. हिशेब बरोबर आला, पाणी गुळगुळीत झाले, पण सगळे दृश्य गढूळ तपकिरी झाले. स्वस्त फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतात आणि अवरक्त किरणांना मात्र पुरते अडवत नाहीत, आणि सेन्सर ते टिपतो. रंग सुधारता सुधारता पानांचा हिरवा हातचा गेला. दुसऱ्या दिवशी मी फिल्टर घरी ठेवला आणि सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने त्याच जागी गेले. आयएसओ १००, एफ/११, तीन सेकंद. एवढा अंधार फुकट मिळत होता.

जुन्या वस्तू घेणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते, जरी ते आव्हानाच्या चौकटीत बसत नाही. आमच्यातल्या एकाने वर्षाच्या मध्यावर वापरलेली, हाताने फोकस करायची लेन्स घेतली. विकणाऱ्याने काचा स्वच्छ असल्याचे सांगितले होते आणि वरून त्या तशा दिसतही होत्या. लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च लावला, तेव्हा आतल्या एका काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसले. अशा हलक्या बुरशीने फोटोची रेखीवता फारशी जात नाही, पण उजेड समोरून आला की सगळ्या फोटोवर पांढुरकी झाक पसरते. आता आम्ही सगळेच लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि आत आर्द्रतामापक ठेवून ती ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आहे की नाही, ते पाहतो. फार कोरडेही बरे नव्हे.

विषयांबद्दल माझे मत वर्षभरात ठाम झाले आहे, आणि गटात ते सगळ्यांना मान्य नाही. ‘एकटेपणा’, ‘आशा’, ‘काळ’ असले अमूर्त विषय मला निरुपयोगी वाटतात. ‘एकटेपणा’च्या आठवड्यात सहापैकी चार जणांनी रिकामी खुर्ची दिली, त्यांत मीही होते. उलट ‘गंज’, ‘दोरी’, ‘जिन्याची पायरी’ या विषयांवर सहा जणांची सहा वेगळी चित्रे आली. ‘गंज’साठी मी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब बसवली, तिच्यात काच नसते, ती केवळ पोकळ नळी असते, पण ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटर पुढे सरकवले की वस्तू सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराची उमटते. बिजागरीवरचा गंज डोंगररांगांसारखा दिसला. फोकस मात्र रिंग फिरवून धड जमत नव्हता, तेव्हा सगळे शरीर श्वास रोखून मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे-मागे झुलवावे लागले आणि शंभरातले तीन फोटो हाती लागले. उरलेल्या ९७ फोटोंची कारणे मी वेगवेगळी लिहिली नाहीत.

वर्षाचा शेवटचा विषय चिठ्ठीने ठरला नाही. पहिलाच विषय पुन्हा करायचा, असे आम्ही आधीच ठरवले होते. मी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, जड ट्रायपॉड लावला. एफ/५.६, टायमर, पडद्याच्या पांढऱ्यासाठी +०.७, हिस्टोग्राम उजव्या भिंतीपासून सुरक्षित अंतरावर. चौकटीची कड वस्तऱ्यासारखी रेखीव आली, लाकडाच्या रेषा मोजता येत होत्या. रविवारी दोन्ही फोटो मी शेजारी-शेजारी ठेवले. काकांनी बराच वेळ पाहिले आणि पहिल्या, हललेल्या फोटोवर बोट ठेवले. “हा जास्त बरा आहे,” ते म्हणाले, “यात पडदा फुगलाय.”

त्यांचे बरोबर होते. दुसऱ्या फोटोतला पडदा सरळ लोंबत होता. मी त्या सकाळी पाऊण तास ट्रायपॉडमागे उभी होते, आणि वहीतल्या शेवटच्या नोंदीत लिहिण्यासारखे एवढेच कारण होते: ‘वारा नव्हता.’